पाटीवरचं नाव
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



मागच्या अंगणातून वांगी भाजल्याचा वास येतोय. असोद्यात भरीत आणि भाषण यांत कोण जिंकतं ते मला माहीत आहे, म्हणून थोडक्यात बोलते.

चित्रकलेच्या सरांनी माझं अक्षर घडवलं. त्या अक्षरात मी आयुष्यात एकच दुकानाची पाटी रंगवली. त्या पाटीबद्दल आज बोलायचं आहे.

माझा धाकटा भाऊ तुम्हाला आठवत असेल. पोलिओमुळे तो काठी घेऊन शाळेत यायचा. अठरा वर्षांचा झाल्यावर त्याला संजय गांधी निराधार योजनेचं अनुदान सुरू झालं. गावात त्याला आजही 'पगार' म्हणतात. मी इंजिनिअरिंगला असताना त्याने एसटीडी बूथ टाकायचं ठरवलं. अपंगांना तेव्हा बूथ देताना प्राधान्य होतं. पण आई घाबरली. "पाटीवर तुहं नाव नको टाकू भो, पगार बंद होईन." मग बूथ काकांच्या नावावर घेतला आणि काकांचं नाव मीच पाटीवर रंगवलं. भाऊ एवढंच म्हणाला, "अक्षर छान आलं, ताई."

सात वर्षं तो त्या काचेच्या खोलीत बसला. घराघरात मोबाइल आले आणि बूथ बंद पडला. त्याला कॉम्प्युटर आणि झेरॉक्ससाठी कर्ज हवं होतं. विचारणा झाली, याआधी काय व्यवसाय केला? कागदावर काहीच नव्हतं. सात वर्षांची मेहनत काकांच्या नावावर जमा होती. आईची भीती खोटी नव्हती. पण नेमका नियम काय आहे, हे विचारायला आमच्या घरातून कोणी गेलं नाही. शिकलेली मी होते, मीही गेले नाही.

हे आज सांगायचं कारण, आपल्याच वर्गातल्या एका मैत्रिणीचा फोन. तिच्या मुलीला ऐकू येत नाही. मुलगी बावीस वर्षांची आहे आणि ब्लाउज सुंदर शिवते. दुकान टाकायचं आहे. मैत्रिणीने विचारलं, "पाटीवर माझंच नाव टाकू का?"

या वेळी मी आधी हिशेब मांडला. ऑक्टोबर 2025 पासून दिव्यांगांना या योजनेत महिन्याला 2,500 रुपये मिळतात, म्हणजे वर्षाला 30,000. त्यासाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 50,000 रुपयांच्या आत लागतं. लक्षात घ्या, एकट्या मुलीचं नाही, सगळ्या घराचं. महिन्याला साधारण 4,166 रुपये.

समजा, घराचं उत्पन्न 45,000 आहे. अनुदान धरून हातात 75,000 येतात. दुकान चांगलं चाललं आणि उत्पन्न 55,000 झालं, तर अनुदान पूर्ण जातं आणि हातात 55,000 राहतात. दहा हजार जास्त कमावले आणि घर वीस हजारांनी मागे गेलं! पुन्हा 75,000 वर यायला तेवढी सगळी कमाई शिलाईतूनच करावी लागते. आमच्या प्रोग्रामिंगच्या भाषेत ही 'इफ-एल्स'ची अट आहे. इथे उतार नाही, सरळ कडा आहे. कड्याजवळ उभं असलेलं माणूस पाऊल मागे घेतं, त्याला आळशी म्हणू नये.

पण कडा कुठे आहे ते कळलं, की तयारी करता येते. मैत्रिणीला मी तीन गोष्टी सांगितल्या. दुकान मुलीच्याच नावावर टाका आणि पहिल्या दिवसापासून वही ठेवा, कारण उद्या कर्ज मागताना तीच वही तिच्या बाजूने बोलेल. उत्पन्न मर्यादेबाहेर गेलं तर लपवू नका, तहसीलमध्ये स्वतःहून कळवा. आणि अनुदान गेलं म्हणजे सगळं गेलं असं समजू नका. दिव्यांगत्वाचं ओळखपत्र उत्पन्नावर अवलंबून नाही, एसटीची सवलतही नाही. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले 5 टक्के दिव्यांगांसाठी खर्चायचे असतात, तिथे अर्ज करा. दिव्यांग वित्त व विकास महामंडळाच्या कर्जाचीही चौकशी करा.

तरीही कडा ओलांडतानाचं ते एक वर्ष उरतंच. त्याचसाठी आज तुमच्यापुढे झोळी पसरते आहे. शाळेला कमान बांधायची चर्चा सकाळपासून चालू आहे. कमान जरूर बांधू. पण त्याआधी एक छोटा निधी उभा करू. शाळेची जी मुलं-मुली स्वतःचा धंदा काढतील आणि त्यामुळे ज्यांचं अनुदान थांबेल, त्यांना त्या पहिल्या वर्षी आपण आधार देऊ. एका मुलाचे वर्षाचे 30,000. आपण साठ जण आहोत, प्रत्येकी 500 रुपये होतात. पहिल्या मुलाचे सगळे पैसे मी देते. भावाचं माझ्याकडे तेवढं देणं आहे.

मैत्रिणीच्या मुलीची पाटी पुढच्या महिन्यात लागेल. ती मीच रंगवणार आहे. सर, अक्षर बिघडलं असेल तर रागवा, पण या वेळी नाव बरोबर असेल.