पाबळची परीक्षा



शिरूर तालुक्यातलं पाबळ म्हणजे पावसाकडे डोळे लावून बसणारा मुलूख. 1983 साली डॉ. श्रीनाथ कलबाग मुंबईतलं, हिंदुस्तान लिव्हरमधलं संशोधन सोडून पत्नी मीराताईंसह इथे आले. पुण्याच्या भारतीय शिक्षण संस्थेचं केंद्र म्हणून विज्ञान आश्रम उभा राहिला. पुढे तिथलं तंत्रशिक्षण शाळांमध्येही गेलं. आठवी ते दहावी, आठवड्यातला एक दिवस हाताने काम करायचं, आणि शिकवायला गावातलेच जाणकार.

आता मुलं शिकली की नाही, हे ठरवायचं कुणी?

समजा, कुणाला गोठ्यासाठी फाटक हवंय. मुलं माप घेतात, आकृती काढतात, अँगल किती, वेल्डिंगचे रॉड किती, मजुरी किती, सगळा हिशोब मांडून भाव सांगतात. चौकट जुळवताना दोन्ही कर्ण टेपने मोजायचे. ते सारखे भरले नाहीत तर चौकट तिरकी, फाटक अडकणारच. फळ्यावर रुक्ष वाटलेली भूमिती इथे लोखंडात उतरते. कडी बसली नाही तर मालक तिथल्या तिथे सांगतो, कारण पैसे त्याचे गेलेत. मला ही तपासणी फार मोलाची वाटते. इथे पस्तीस गुणांवर सुटका नाही. फाटक लागेपर्यंत काम करावं लागतं.

विज्ञान आश्रम ज्या भारतीय शिक्षण संस्थेचं केंद्र, तिथेच डॉ. चित्रा नाईक यांनी 1979 पासून पुणे जिल्ह्यात शाळेबाहेरच्या मुलांसाठी ‘आपले शिक्षण वर्ग’ चालवले. दिवसभर गुरं राखणारी, धाकटी भावंडं सांभाळणारी ही मुलं रात्री कंदिलाच्या उजेडात शिकत. वर्गाची वेळ गावाच्या सोयीने ठरे. मूल्यमापनासाठी भरे बालजत्रा. मुलं एकमेकांना तपासत, आईबाप कौतुकाने बघत. परीक्षेचा धसकाच नाही!

आज शिक्षणहक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत 75 टक्के पालक असतात. माझं आग्रहाचं सांगणं आहे, त्यांना नुसतं इतिवृत्तावर सह्या करायला बोलावू नका. शेती कसणारी आई मुलांची रोपवाटिका तपासू शकते, गवंडी बाप भिंतीचा ओळंबा पाहू शकतो. त्यांचं मत प्रगतिपत्रकात नोंदलं गेलं पाहिजे, गुरुजींच्या शेऱ्याच्या शेजारी.