नेरूळ की नेरळ?

(माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)

आदरणीय बाई, सर आणि १९९६च्या दहावीच्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

संयोजकांनी बजावलं होतं, 'तुझ्या कामाबद्दल पाच मिनिटं बोल, पण आम्हाला कळेल असं.' म्हणून आज मी सगळ्यांच्या ओळखीच्या वस्तूबद्दल बोलणार आहे. स्टेशनच्या पाटीबद्दल.

आपली सहावी संपली त्या वर्षी, १९९२ साली, खाडीपुलावरून लोकल वाशीला आली. पुढच्या वर्षी ती नेरूळ, बेलापूरला पोहोचली. पिवळी पाटी, काळी अक्षरं, मराठी-हिंदी-इंग्रजी अशा तीन ओळी. त्या पाटीखाली आपण एकमेकांची किती वाट पाहिली! पण त्यावरचं अक्षर कसं असावं हे कुणीतरी ठरवतं, हे तेव्हा डोक्यातही आलं नव्हतं.

काही वर्षांपूर्वी आमच्या टीमकडे गाड्यांची माहिती दाखवणाऱ्या डिजिटल फलकाचं काम आलं. फॉन्ट मी निवडायचा होता. मी आधी इंग्रजीसाठी एक रेखीव फॉन्ट घेतला, ओळीची उंची त्यावर बेतली आणि तेवढ्याच उंचीत देवनागरी कोंबली. घरी लॅपटॉपवर नमुना बघत होते, तर आई मागून म्हणाली, "अगं, नेरळला कोण चाललंय? माथेरानला निघालात की काय?"

मी नीट पाहिलं. फलकावर 'नेरूळ' होतं, पण 'रू'चा ऊकार दिसतच नव्हता. बाकीच्या अक्षरांना ऊकार खाली लागतो, 'र'ला मात्र तो कमरेला चिकटतो. वर मात्रेला आणि खाली उकाराला जागा सोडायची म्हणून मधलं अक्षर आक्रसलं होतं आणि ते एवढंसं वळण ठिपक्यांत विरघळून गेलं होतं. इंग्रजीत या दोन नावांत 'यू' आणि 'ए' अशा दोन पूर्ण उंचीच्या अक्षरांचा फरक आहे. मराठीत फरक फक्त त्या वळणाचा.

ही गंमत म्हणून सोडून देता येत नव्हती. ठाण्याहून कर्जतच्या गाडीने नेरळला जाता येतं आणि ठाण्याहूनच नेरूळचीही गाडी सुटते. डोंबिवलीच्या मावशीकडून परतताना आई ठाण्यालाच गाडी बदलते. ती चौथीपर्यंत शिकली, इंग्रजी येत नाही. मराठी ओळ पुसट दिसली तर आपण सहज इंग्रजी ओळ वाचतो. आईने काय वाचायचं?

मग मी उलट्या बाजूने सुरुवात केली. आधी देवनागरी, मग इंग्रजी. इंग्रजी कॅपिटल अक्षर उंचीला सात ठिपक्यांत नीट बसतं. देवनागरीला आम्ही सोळा ठिपके दिले, कारण शिरोरेषेच्या वर मात्रा, वेलांटी, रफार आणि खाली उकार, अशी ही तीन मजली लिपी आहे. त्यामुळे फलकावर चारऐवजी तीनच गाड्या मावणार होत्या. बैठकीत यावरून बरीच वादावादी झाली, पण मी 'नेरळ'चा नमुना समोर ठेवला.

फॉन्ट निवडतानाही 'सुंदर दिसतो का' हा प्रश्न शेवटी ठेवला. आधी बघितलं की घणसोलीचा 'घ' लांबून 'ध' तर वाटत नाही ना, तुर्भ्याचा 'भ' 'म' होत नाही ना, रबाळ्याच्या 'ब'चं पोट भरून जात नाही ना. ही परीक्षा ऑफिसात घेतली नाही. आमच्या सोसायटीतल्या आजी-आजोबांना भर उन्हात, पंधरा पावलांवरून वाचायला लावलं.

लंडनच्या भुयारी रेल्वेसाठी एडवर्ड जॉन्स्टन यांनी खास अक्षरं घडवली, ती १९१६ साली वापरात आली. आजही तिथल्या पाट्यांवर त्याच घराण्यातली अक्षरं आहेत. आपल्याकडे र. कृ. जोशींनी संगणकासाठी 'मंगल' हा देवनागरी फॉन्ट घडवला. तुमच्यापैकी बहुतेकांनी तो नाव न कळता वापरला असेल. म्हणजे कसबी माणसं आपल्याकडे आहेत. चुकतो ते माझ्यासारखे निवडणारे, कारण आपण स्वतः इंग्रजी ओळ वाचून पुढे जातो.

तुमच्यापैकी कुणी दुकान चालवतं, कुणी दवाखाना, कुणी सोसायटीचा सचिव आहे. मराठी पाटी लावाल तेव्हा आधी ती अशा माणसाकडून वाचून घ्या, ज्याला दुसरी ओळ वाचता येत नाही.

आणि बाई, सर, तुम्हाला एक विनंती. मागच्या भिंतीवर मी दोन नमुने लावले आहेत. जेवायला जाताना दारातूनच, जवळ न जाता वाचून बघा. आमच्या शुद्धलेखनाच्या वह्या तुम्ही तपासल्यात, आता हेही तपासा. चुकलं असेल तर लाल शाईचं पेन तिथेच ठेवलं आहे.