नियमांची एकच प्रत
(वार्षिक स्नेहसंमेलनातील भाषण)



अंधेरी-घाटकोपरच्या गाळ्यांतील लहानशा कचेरीतही आज दहा-वीस संगणक एका सर्व्हरला जोडलेले असतात. त्यांवर काय चालावे, काय चालू नये, हे धोरणांनी ठरते; आणि धोरणे लिहावयाची ती ठरीव नमुन्यांवरून. विंडोज २००० च्या काळी नमुन्यांची नक्कल प्रत्येक धोरणाबरोबर साठे. विस्टापासून ते सर्व्हरवर एकाच मध्यवर्ती कोठारात ठेवता येतात.

अशा एका कोठारात मी नवे नमुने घातले. भाषेच्या फायली मात्र जुन्याच राहिल्या. चालू नियम शाबूत होते. परंतु संपादक त्रुटी दाखवू लागला, आणि हिशेबाच्या संगणकांवर पेनड्राइव्ह बंद करण्याचे तातडीचे काम दोन दिवस खोळंबले. जुनी प्रत जपली नव्हती, हा दोष सर्वस्वी माझा.

मंडळाच्या घटनेची अधिकृत प्रत एकच असते आणि प्रत्येक दुरुस्ती इतिवृत्तात नोंदली जाते. धंद्यातही तोच शिरस्ता पाळावा. नमुने व भाषेच्या फायली जोडीने बदला, आधीची प्रत राखा, तारीख आणि बदलणाऱ्याचे नाव वहीत लिहा. उद्या आपल्या जागी येणाऱ्या मुलास ती वहीच वाट दाखवील.