कट्यारीचे कूळ



बिकानेरच्या जुनागढ किल्ल्यातील राजशस्त्रागारात असलेली प्रत्येक कट्यार राजस्थानी नव्हे. अनेक कट्यारींवर ठिपक्यांनी कोरलेल्या देवनागरी लेखांत ‘आदोनी’ हे नाव आढळते. औरंगजेबाच्या दक्षिण मोहिमेत, १६८९च्या सुमारास, महाराजा अनुपसिंहांनी ती शस्त्रे आदोनीच्या किल्ल्यातून नेली. मालकी बिकानेरची, जन्म मात्र दक्षिणेचा!

लेख नसेल तेथे घडण साक्ष देते. मुठीवर हात झाकणारी नागफणीसारखी ढाल ही दक्षिणेची खूण. मुठीला रिव्हेटांनी जोडलेले पाते पुष्कळदा युरोपीय तलवारीचे असते.

तंजावरच्या भोसल्यांचे शस्त्रागार एवढे भाग्यवान ठरले नाही. १८५५ साली दुसरे शिवाजीराजे पुत्रहीन निवर्तले आणि इंग्रजांनी राजपद संपविले. पुढे निवडक शस्त्रे मद्रासच्या संग्रहालयात गेली. उरलेल्यांतील असंख्य मोडून लोखंडाच्या भावाने गेली. त्यांच्यासमवेत त्यांचे कूळही पुसले गेले.

पराक्रमाइतकीच त्याची नोंदही जपावी लागते. यासाठी खंडेनवमीला घरातील जुने शस्त्र घासण्यापूर्वी त्यावरील अक्षरे पाहावीत, टिपून ठेवावीत. घासून गेलेला ठिपका पुन्हा उमटत नाही.