रविवारचा बाजार



अँटिग्वा हे नाव आपल्यापैकी बहुतेकांच्या कानावर पडले ते क्रिकेटमुळे. व्हिव्हियन रिचर्ड्स तिथला. मलाही तेवढेच ठाऊक होते. पुढे वाचता वाचता त्या बेटावरच्या सेंट जॉन्स शहराच्या बाजाराशी येऊन अडखळलो, आणि आजचा विषय मिळाला. मी काही इतिहासाचा पंडित नव्हे. शाळा अर्ध्यावर सुटली. जे काही शिकलो ते कारखान्याच्या फाटकाशी आणि सार्वजनिक वाचनालयात.

बेट जेमतेम २८० चौरस किलोमीटरचे. मोठी नदी नाही, अवर्षण पाचवीला पुजलेले. तरी इंग्रज मळेवाल्यांनी रानच्या रान उसाखाली घातले, आणि राबायला आफ्रिकेतून धरून आणलेली माणसे विकत घेतली. आठवड्याचे सहा दिवस मळेवाल्याचे. उरला रविवार. त्या दिवशी ही माणसे आपल्या खोपटाजवळच्या तुकड्यात पिकवलेले कंद, भाजीपाला, कोंबड्या, गवताचे भारे, सरपण असे जे असेल ते डोक्यावर घेऊन शहराची वाट धरीत.

ह्यात एक मोठी गंमत आहे. कायद्याच्या लेखी हा विक्रेता स्वतःच दुसऱ्याची मालमत्ता. साखर किंवा कापूस त्याने विकला तर तो गुन्हा. पण त्याच्या कोंबडीवाचून शहरातल्या गोऱ्या घरांची चूल अडत असे. तेव्हा बाजारापुरता तो माणूस ठरे. भाव सांगे, भाव नाकारी, पैसे मोजून घेई.

मेरी प्रिन्स नावाची एक गुलाम स्त्री ह्याच बेटावर होती. १८३१ साली लंडनमध्ये तिची आत्मकथा छापली गेली. मालक-मालकीण बाहेरगावी गेले की ती धुणी धुऊन, जहाजांवरच्या कप्तानांना कॉफी आणि कंद विकून पैसा जमवी. कशासाठी? स्वतःला विकत घेण्यासाठी! पण मालक तिला विकायला राजी होईना. ही गोष्ट मी पहिल्यांदा वाचली तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो.

त्याच १८३१ मध्ये बेटाच्या कायदेमंडळाने रविवारचा बाजार बंद केला. कारण धर्माचे: रविवार प्रभूचा, त्या दिवशी व्यापार नको. मिशनऱ्यांचे हे म्हणणे जुने होते, आणि त्यांतल्या पुष्कळांचा हेतू प्रामाणिक असेल. परंतु बदली दिवस कायद्याने दिला नाही. शनिवारी सुट्टी द्या, आम्ही रविवारी देवळात जाऊ, एवढा साधा व्यवहार होता. तो कोणी केला नाही. मार्चमध्ये लोक तरीही माल घेऊन बाजारात जमले. दंगा झाला, शिपाई आले. त्यानंतर कित्येक ठिकाणी उसाचे फड पेटले.

मला ह्याचे नवल वाटत नाही. एका कारखान्यात पगारवाढ लांबली तेव्हा आमची माणसे महिनोन्‌महिने दम धरून होती. पण साप्ताहिक सुट्टी न विचारता बदलली, आणि तासाभरात फाटकाशी चारशे माणसे उभी राहिली. पैसा कमी मिळाला तर माणूस कुरकुरतो. त्याचा म्हणून असलेला एक दिवस उचलून नेलात तर तो उभा राहतो.

१ ऑगस्ट १८३४ रोजी अँटिग्वातले सुमारे २९ हजार गुलाम मोकळे झाले. इतर बहुतेक वसाहतींत गुलामांना आधी काही वर्षे बिनपगारी उमेदवारी करावी लागली. इथे ती अट नव्हती. पण लगेच कराराचा कायदा आला, आणि कामावर न येणाऱ्याला तुरुंग दाखवला गेला. जमीन मळेवाल्यांकडेच राहिली. शंभर वर्षे असेच चालले. १९३९ साली तिथे कामगार संघटना स्थापन झाली, आणि १९४३ पासून तिचे अध्यक्ष झाले व्हेअर कॉर्नवॉल बर्ड. १९५१ मध्ये ऊसमळ्यांवर लांबलेला संप त्यांनी लढवला. १९८१ साली देश स्वतंत्र झाला तेव्हा तेच पहिले पंतप्रधान. सत्तेवर गेलेल्या कामगार-पुढाऱ्याविषयी जे बोलले जाते ते त्यांच्याविषयीही बोलले गेले, आणि सगळेच खोटे नव्हते.

त्यांचा पुतळा उभा आहे तो मार्केट स्ट्रीटच्या दक्षिण टोकाला, बाजारापाशी. बाजाराची खरी गर्दी आता शुक्रवारी आणि शनिवारी असते.