खिशातला खेळ की टीव्हीवरचा?

सकाळी बदलापूरहून मुंबईकडे लोकल सुटते. अंबरनाथ, उल्हासनगर येईपर्यंत डबा खच्चून भरतो, तरी कुणाच्या तरी मोबाइलवर लुडोचा फासा पडतच असतो. 'लुडो किंग' हा खेळ 2016 साली आणला, तो नवी मुंबईतल्याच एका कंपनीने. मग टीव्हीला जोडायचे गेम कन्सोल आता मोडीत निघणार का?

हातातलं यंत्र तसं नवं नाही. निन्टेन्डो कंपनीचा 1989 सालचा 'गेम बॉय' हातातच खेळायचा. 2017 च्या 'स्विच'ने दोन्ही सोयी एकत्र आणल्या : प्रवासात हातात, घरी टीव्हीवर.

हातातल्या यंत्रांची खरी अडचण आहे विजेची आणि उष्णतेची. टीव्हीला जोडायचा 'प्लेस्टेशन 5' मोठा खेळ चालवताना सुमारे 200 वॅट वीज घेतो. 2022 च्या 'स्टीम डेक' या हातातल्या यंत्राची बॅटरी होती 40 वॅट-तासांची. एवढ्या भाराने ती बारा मिनिटांत संपेल. म्हणजे लोकल कल्याणला पोहोचण्याआधीच! शिवाय तापलेलं यंत्र हातात धरवणार नाही. म्हणून हातातली यंत्रं कमी विजेवर, थोडं कमी बारकाव्याचं चित्र दाखवतात.

चिप सुधारतील, तसं हे अंतर घटेल. पण भावंडांनी मिळून मोठ्या पडद्यावर खेळायची मजा खिशात मावणं कठीणच.