अंड्याचं टरफल पातळ का होतं?



आपल्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात परसातली कोंबडी ज्वारी, बाजरी, मका टिपते. या धान्यांत कॅल्शियम फार थोडं असतं. एका टरफलाला मात्र सुमारे २ ग्रॅम लागतं. खाण्यातून मिळालं नाही, की कोंबडी ते आपल्या हाडांतून काढते. मग टरफल पातळ होतं, पाय लुळे पडतात.

उपाय सोपा आहे. शिंपल्यांचा किंवा चुनखडीचा जाडसर चुरा वेगळ्या भांड्यात ठेवा. घरची टरफलं उकळून, वाळवून, चुरून दिली तरी चालतात. टरफल बहुतांशी रात्री बनतं, म्हणून संध्याकाळी भांडं भरलेलं असावं. कोंबडी गरजेपुरतंच खाते.

भांडं पिल्लांपासून दूर ठेवा. जादा कॅल्शियमनं त्यांची मूत्रपिंडं बिघडतात. पानाला लावायचा चुना कुणालाच देऊ नका, तो आतून भाजतो.